नानांची सरकती खोली

हेरंबराव कारखानिसांनी नोकरीत सरकारसाठी हजारभर भिंती कागदावर उभ्या केल्या, पण स्वतःच्या घरात फक्त एकच हलवली. ती हलवण्यापूर्वी त्यांनी सगळी तयारी केली होती. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, चार रंगांत नकाशे काढले, आणि टेप घेऊन नानांच्या मागेमागे फिरून त्यांचीसुद्धा मापं घेतली. बसल्यावर हात कुठवर पोचतो, चालताना पाऊल किती उचललं जातं, झोपेत कूस बदलायला किती इंच लागतात, सगळं वहीत उतरवलं. नानांना विचारायचं तेवढं राहून गेलं. (एकदा माणूस मोजून झाला की त्याला विचारण्यासारखं काही उरत नाही, अशी त्या धंद्यात समजूत आहे.)

नाना म्हणजे हेरंबरावांचे वडील, विश्राम कारखानीस. भुसावळचे रिटायर्ड पोस्टमास्तर, वय चौऱ्याहत्तर. पत्नी गेल्यावर सहा वर्षं ते दोन भाड्याच्या खोल्यांत एकटे राहिले. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि ते तीन तास तिथेच पडून राहिले. दूधवाल्याला शंका आली म्हणून बरं. हेरंबराव तातडीने गेले आणि नानांना चंदीगडला घेऊन आले. नानांनी येताना एकच अट घातली: दिवाळीपर्यंत राहून बघतो, जमलं तर भुसावळच्या खोल्या सोडून देऊ, नाही जमलं तर मी परत जाईन. परत म्हणजे पुन्हा एकट्याने त्याच न्हाणीघरात. तेव्हा दिवाळीच्या आत नानांना इथे घरच्यासारखं वाटायला लावायचं, एवढं एकच काम हेरंबरावांपुढे होतं. दुसऱ्या एखाद्याने त्यासाठी बापाशी रोज अर्धा तास गप्पा मारल्या असत्या. हेरंबरावांनी डिझाइन केलं.

त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. ते एका सरकारी गृहनिर्माण कचेरीत आर्किटेक्ट होते, आणि त्याच महिन्यात दिल्लीहून एक सर्क्युलर आलं होतं. तीन पिढ्या एकत्र राहतील, गरजेप्रमाणे लहानमोठं होईल आणि म्हाताऱ्या माणसाला शेवटपर्यंत आपल्या जागी राहता येईल, असं लवचिक घर सुचवा. सर्क्युलर वाचताना हेरंबरावांचे डोळे पाणावले. (नाना समोरच बसून एकटेच चहा पीत होते, पण ते सर्क्युलरमध्ये नव्हते.) त्यांनी ठरवलं की हा प्रयोग आपण आपल्याच घरात करायचा, म्हणजे नानांची सोय होईल आणि कमिटीला नमुनाही दाखवता येईल.

घर होतं सेक्टर त्रेचाळीसमधलं सरकारी क्वार्टर. एक बैठकीची मोठी खोली, एक नवराबायकोची बेडरूम, एक मुलगी लीनाची छोटी खोली. सरकारी क्वार्टरमध्ये विटेला हात लावता येत नाही, म्हणून हेरंबरावांनी रुळांवरून सरकणारी लाकडी भिंत काढली. ती बैठकीच्या खोलीत हवी तिथे उभी करायची, म्हणजे पलीकडे नानांची खोली तयार. जाण्यायेण्यासाठी एका कडेला फट राही; भिंत अगदी टोकाला नेली की मात्र तीही खांबाआड बुजे. इंडस्ट्रियल एरियात बसच्या बॉड्या बांधणारा गुरमेल मिस्त्री त्यांनी गाठला. त्याने नकाशा उलटासुलटा धरून पाहिला आणि सांगितलं, "पक्का काम होगा, जी. दीवार नहीं, बस समझो." आठ दिवसांत लोखंडी रूळ आले, चाकं आली, दुहेरी प्लायवूड आलं, आणि दिवसभर ठोकाठोक होऊन बैठकीच्या खोलीत एक खरोखरच चालणारी भिंत उभी राहिली.

पहिल्या दिवशी नाना खूश झाले, हे सांगितलंच पाहिजे. दहा बाय नऊची खोली, खिडकीशी पलंग, उशाशी रेडिओ. फक्त ते रूळ फरशीच्या अर्धा इंच वर होते. नानांचं पाऊल किती उचललं जातं ते वहीत लिहिलेलं होतं, पण ती वही नकाशाच्या वेळी सापडली नाही. दोनदा ठेचकाळल्यावर नाना रुळाशी थांबत, डावीउजवीकडे पाहत आणि मग एकेक पाय उचलून पलीकडे ठेवत. लीनाला हसू येई. ती दहावीत होती. मराठी तिला सगळी समजायची, बोलायची मात्र हिंदीत.

मग भिंत हलायला लागली.

पहिल्यांदा हलली ती लीनासाठी. तिची खोली लहान, बोर्डाचं वर्ष, मोठं टेबल हवं. टेबल बैठकीत ठेवायचं तर भिंत दोन फूट आत घ्यावी लागली. मग महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाची तालीम आली. चंदीगडमध्ये मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण नाटकात पात्रं सतरा, त्यामुळे भिंत आणखी तीन फूट आत. मग कचेरीतला अविनाश दिघे बायकोला घेऊन जेवायला आला आणि त्याच संध्याकाळी कुठेतरी गोळीबार होऊन मोहालीचा रस्ता बंद झाला. तो दोन रात्री राहिला. दर वेळी हेरंबराव मोठ्या उत्साहाने भिंत ढकलत आणि सांगत, "बघा, चाळीस सेकंदांत." नाना पलंगावर पाय वर घेऊन बसत आणि पलंगासकट सरकवले जात. त्यांची खोली कधी दहा बाय नऊ असे, कधी दहा बाय सात, आणि दिघे आले तेव्हा ती लांबीला पलंगाएवढी आणि रुंदीला पलंगाहून दीड फूट जास्त होती. खिडकी अशा वेळी बैठकीत जाई.

नानांनी तक्रार केली नाही. ते फक्त रात्री झोपण्यापूर्वी विचारत, "आज माझा पत्ता काय?" सुनेत्रा, म्हणजे हेरंबरावांची बायको, सुरुवातीला याला हसली. पुढे तिने हसायचं बंद केलं. ती विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकवायची आणि तिला आकडे दिसायचे.

"पंचेचाळीस दिवसांत भिंत एकतीस वेळा हलली," तिने एकदा जेवताना सांगितलं. "एकतीसच्या एकतीस वेळा नानांच्याच जागेतून."

"लवचिकता म्हणतात त्याला," हेरंबराव म्हणाले.

"मग आपली बेडरूम एकदाही कशी लवत नाही?"

"तिच्या भिंतींवर छताचा भार आहे. लोड-बेअरिंग."

 सुनेत्राने नानांच्या ताटात भात वाढला. नाना खाली बघून कालवत राहिले. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू येतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं. म्हाताऱ्यांबद्दल घरात अशी एक सोयीची समजूत असते. (हेरंबरावांचं म्हणणं असं की भिंत साउंडप्रूफ आहे. ती नव्हती.)

इकडे शहराची आपली एक चाल होती. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर आकडा असे, काल पंजाबात अतिरेक्यांच्या हल्ल्यांत किती गेले त्याचा, आणि तो वाचून लोक चहाचा दुसरा घोट घेत. चौकाचौकांत वाळूची पोती लावून जवान उभे असत. अनोळखी माणूस दिसला, बेवारस वस्तू दिसली, तर कळवा, असं रेडिओ आणि भिंतींवरचे कागद रोज सांगत. समोरच्या मिसेस भल्ला या सगळ्या सूचना मनापासून पाळणाऱ्या बाई. त्या अधूनमधून नानांसाठी वाटीभर खीरही पाठवत, त्यामुळे त्यांच्या मनात काही वाकडं होतं असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांना त्यांच्या खिडकीतून जे दिसलं ते असं: कारखानिसांकडे लोखंडी रूळ उतरले. आठ दिवस ठोकाठोक झाली. त्या घरात एक म्हातारा आहे, तो कधी खिडकीत दिसतो, तर कधी चार-चार दिवस दिसत नाही. आणि ती खिडकीही कधी झोपायच्या खोलीची असते, कधी बैठकीची. बाईंनी महिनाभर विचार केला आणि नागरिकाचं कर्तव्य केलं.

ते कर्तव्य नेमकं कमिटीच्या दिवशी फळाला आलं.

कमिटी म्हणजे दिल्लीचे तीन साहेब, आणि त्यांच्याबरोबर हेरंबरावांचे वरिष्ठ चोप्रासाहेब. सप्टेंबर होता, पंधरा दिवस पावसाने झोडपून काढलं होतं. शाळा कसल्याशा धमकीमुळे बंद होती म्हणून लीना घरी, आणि सुनेत्राने पाहुण्यांच्या चहासाठी रजा घेतलेली. हेरंबरावांनी कार्यक्रम असा बसवला होता की आधी कमिटीला सगळी बैठक मोकळी दिसेल. भिंत अगदी टोकाला, पलंग उभा करून बाल्कनीत. साहेब म्हणतील, वा, हॉल मोठा आहे, पण वृद्ध माणूस कुठे? मग हेरंबराव एका हाताने भिंत सरकवतील, फट उघडेल आणि मागे खुर्चीत पेपर वाचत बसलेले प्रसन्न नाना प्रकट होतील. प्रत्यक्ष माणूस दिसला की कमिटीवर परिणाम होतो.

"किती वेळ बसायचं?" नानांनी विचारलं.

"पाचच मिनिटं, नाना."

नाना पेपर आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत जाऊन बसले. भिंतीमागे तीन फुटांची पट्टी उरली होती. हेरंबरावांनी भिंत लावून घेतली. दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला राहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कमिटीची गाडी येताना दोन नाक्यांवर अडवली गेली आणि साहेब तासभर उशिरा आले. त्या तासात हेरंबराव दहा वेळा गच्चीवर जाऊन रस्ता बघून आले. सुनेत्रा दोनदा म्हणाली की नानांना बाहेर काढा, मग आयत्या वेळी बसवा. हेरंबराव म्हणाले, गाडी आता कुठल्याही क्षणी येईल. आतून नानांचा आवाज आला नाही, याचा अर्थ त्यांनी असा घेतला की नाना आरामात आहेत.

साहेब आले, सामोसे झाले, चहा झाला. हेरंबरावांनी पंधरा मिनिटं वृद्धांच्या स्वाभिमानावर भाषण केलं. त्यात एक वाक्य फार चांगलं होतं, की म्हातारपणी माणसाला खोली नको असते, स्थान हवं असतं. चोप्रासाहेबांनी मान डोलावली. मग हेरंबराव भिंतीपाशी गेले, एका हाताने मूठ धरली आणि सरकवली. भिंत हलली नाही. त्यांनी दोन हात लावले. मग खांदा लावला. पावसाने प्लायवूड फुगलं होतं आणि एक चाक रुळावरून खाली उतरून बसलं होतं. चोप्रासाहेबांनी हसत हसत कोट काढून ठेवला आणि तेही ढकलू लागले, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात एक तरुण सब-इन्स्पेक्टर आणि मागे बंदूकवाले दोन शिपाई. सब-इन्स्पेक्टर सभ्य होता. त्याने आधी माफी मागितली, रुटीन चेकिंग आहे म्हणाला, आणि वही उघडली.

"घर में कितने कमरे हैं?"

हेरंबराव खरं बोलणारे गृहस्थ. "जी, किस वक़्त?"

"मतलब?"

"सुबह चार होते हैं. शाम को तीन. मेहमान आए तो साढ़े तीन."

सब-इन्स्पेक्टरने लिहिता हात थांबवला. एका शिपायाने बंदूक खांद्यावरून हातात घेतली.

"और रहने वाले कितने?"

"चार."

"घरवाले तो तीन दिख रहे हैं."

"चौथे दीवार में हैं," हेरंबराव म्हणाले.

तिथून पुढे सगळं फार भराभर झालं. दिल्लीचे तीन साहेब न सांगता स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. चोप्रासाहेबांनी कोट घातला आणि विचारण्याआधीच सांगून टाकलं की मी यांना फक्त ऑफिसातून ओळखतो, घरातून नाही. सब-इन्स्पेक्टरने भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. मग आतून तसंच कुणीतरी ठोकलं. दोन्ही बंदुका वर झाल्या.

"अंदर जो भी है, हाथ ऊपर करके बाहर आ जाए."

आतून नानांचा आवाज आला, शांत पण जरा दम लागलेला. भुसावळला तीस वर्षं टपाल हाताळलेला माणूस, हिंदी त्यांना चांगली येत होती. "हाथ ऊपर कर लिए हैं, साहब. बाहर आना मेरे बस का नहीं. दीवार बेटे के पास है."

"अंकल, वो मेरे दादाजी हैं," लीना रडत म्हणाली.

"किसने बंद किया इनको?"

लीनाने बापाकडे बोट दाखवलं. खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरमेलच्या कामाबद्दल कुणाची काही शंका असेल तर ती त्या दिवशी फिटली. शेजारून पहार आणून दोन शिपाई वीस मिनिटं झटले तेव्हा कुठे भिंतीची एक फळी निघाली. आत अंधारात, तीन फुटांच्या पट्टीत, नाना खुर्चीवर बसले होते. सदरा घामाने चिकटला होता, तांब्या रिकामा होता, पेपर घडी न मोडता मांडीवर होता. सब-इन्स्पेक्टरने स्वतः त्यांना धरून बाहेर आणलं, पंख्याखाली बसवलं, आणि वीज नेमकी गेली तेव्हा हेरंबरावांचा चार रंगांतला नकाशा उचलून त्यांना वारा घातला. त्याचा उपयोग होताना हेरंबराव पहिल्यांदाच बघत होते.

नाना पाणी प्यायले. सब-इन्स्पेक्टर त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. तिशीही न ओलांडलेला पोरगा, पण त्याने प्रश्न असा विचारला जसा या घरात सात महिन्यांत कुणी विचारला नव्हता.

"बाबाजी, डरो मत. आप यहाँ अपनी मर्ज़ी से रहते हो?"

सगळे नानांकडे बघू लागले. स्वयंपाकघराची कडी निघाली आणि दार फटीएवढं उघडलं. नाना हो म्हणतील याची हेरंबरावांना खात्री होती, आणि ती खात्री का आहे हे त्यांना आठवेना.

"मर्ज़ी से आया था, साहब," नाना म्हणाले. "लड़का अच्छा है. मारता नहीं, खाने को देता है. बस रोज़ सुबह ढूँढना पड़ता है कि मैं रहता कहाँ हूँ."

सब-इन्स्पेक्टरने हेरंबरावांकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा त्याने अटक केली असती तर बरं वाटलं असतं. मग त्याने वही पुढे ओढली. "पक्का पता लिखवाइए, बाबाजी."

"भुसावळ," नाना म्हणाले.

"नाना, इथला सांगा ना," हेरंबराव हळूच म्हणाले.

नानांनी मराठीत उत्तर दिलं, त्यामुळे ते कारखानीस सोडून तिथे कुणालाच कळलं नाही. "पोस्टमास्तर होतो रे मी. रोज बदलणाऱ्या पत्त्यावर टपाल ठेवून घेत नाहीत. परत पाठवतात."

पोलिस गेले. साहेबही गेले. जाताना त्यांतले एक हेरंबरावांच्या पाठीवर थोपटून गेले, आणि संध्याकाळी मिसेस भल्लांनी खीर पाठवली.

पुढचे आठ दिवस हेरंबरावांनी काय काय केलं नाही! रूळ उपटले. भिंतीचा राहिलेला भाग काढून टाकला. विटांची भिंत बांधतो, क्वार्टरचे नियम गेले खड्ड्यात, असं नानांपुढे उभं राहून सांगितलं. सरकारी नोकरीतल्या माणसाच्या तोंडून हे निघणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. लीना, जी कधी मराठीत बोलली नव्हती, ती तुटक तुटक म्हणाली, "नाना, मला टेबल नको. तुम्ही राहा." नानांनी तिला जवळ घेतलं. सुनेत्रा आत जाऊन रडली. पण नानांनी तोवर दिघ्याला सांगून तिकीट काढलेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी हेरंबरावांनी शेवटचं विचारलं, "नाना, चुकलं माझं. पण तिथे एकट्याने कसं राहणार? पुन्हा पडलात तर?"

"पडीन," नाना म्हणाले. "पण कुठे पडलो ते मला माहीत असेल. हेरंब, मला मोठी खोली कधीच नको होती. कोपरा चालला असता. जिन्याखालची जागा चालली असती. रात्री जिथे झोपलो तिथेच सकाळी उठायला मिळावं, एवढंच होतं. तू एकदा विचारलं असतंस तर एका वाक्यात सांगून झालं असतं."

 हेरंबरावांना लहानपणासारखं नानांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. पंचेचाळिसाव्या वर्षी ते कसं ठेवायचं हे न सुचल्याने त्यांनी नानांची बॅग भरायला घेतली.

त्याच दिवशी दुपारी कचेरीत कमिटीचा अहवाल आला होता. डिझाइन पसंत पडलं होतं. प्रात्यक्षिकाच्या संपूर्ण काळात वृद्ध व्यक्ती कोणताही अडथळा न आणता आपल्या जागी राहिली, ही बाब कमिटीला विशेष उल्लेखनीय वाटली होती. पहिल्या टप्प्यात अठ्ठेचाळीस घरं मंजूर झाली होती, फक्त प्लायवूडऐवजी पत्रा वापरावा अशी सूचना होती. चोप्रासाहेबांनी पेढे मागवले. हेरंबरावांनी एक खाल्ला आणि घरी काही सांगितलं नाही.

झेलम एक्स्प्रेस अंबाल्याहून पकडायची होती. तपासण्यांमुळे गाडी चार तास उशिरा, भर दुपारी आली. डब्यांतून बंदूकवाले फिरत होते. नानांचा खालचा बर्थ होता, खिडकीशी. नानांनी आपलं तिकीट दोनदा वाचलं, बर्थवरचा नंबर पाहिला आणि टेकून बसले. सात महिन्यांत त्यांना असं ऐसपैस बसलेलं हेरंबरावांनी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या घरासारखीच सोय आहे ही," नाना म्हणाले. "दिवसा तिघांनी बसायचं, रात्री उघडायचं, तीन पिढ्या एकावर एक झोपतात. पण रात्री नऊ ते सकाळी सहा मला इथून कुणी उठवू शकत नाही. नियमच आहे तसा."

हेरंबराव त्यांच्याशेजारी बसले होते. गाडी इथे थोडा जास्त वेळ थांबणार असं कळलं होतं आणि त्यांना बरंच बोलायचं होतं. सात महिन्यांचं एकदम बोलायचं म्हटल्यावर सुरुवात कुठून करावी हे कळत नव्हतं. ते म्हणाले, "नाना, तुमच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत." नाना म्हणाले, "बरं." तेवढ्यात लुधियान्याचं एक कुटुंब ब्लँकेटांचे गठ्ठे सावरत त्याच बर्थवर बसायला आलं. "भाईसाब, थोड़ा खिसकना." हेरंबराव सरकले. मग कुटुंबातली आजी आली. हेरंबराव आणखी सरकले. मग डबे आले, सुरई आली, एक झोपलेलं मूल आलं. हेरंबराव एका मांडीवर आले, मग नुसते टेकले.

"आपका नंबर कौन सा है, जी?" कुटुंबप्रमुखाने विचारलं.

"मेरा नंबर नहीं है."

"तो फिर?" तो अगदी साधेपणाने म्हणाला.

हेरंबराव उठले. नानांच्या पाया पडायला वाकले, पण मध्ये गठ्ठा होता, त्यामुळे गठ्ठ्यालाच हात लागला. मग दाराशी, मग पायऱ्यांशी, असं करत ते फलाटावर आले आणि बाहेरून खिडकीपाशी जाऊन गज धरून उभे राहिले. आत त्या माणसाने पुऱ्यांचा डबा उघडला होता. त्याने पहिली पुरी नानांपुढे धरली आणि बोटाने बाहेर दाखवत विचारलं की हे गृहस्थ कोण, बराच वेळ तुमची जागा अडवून बसले होते.

"बेटा है मेरा," नाना म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, हेरंबरावांना तो स्पष्ट ऐकू आला. "घर बनाता है. बूढ़े लोगों के लिए. सरकार ने पास भी कर दिया, कल चोप्रासाहब का फ़ोन आया था."

हेरंबरावांनी गजावरचा हात सोडला.

"वाह जी," तो माणूस खुशीने म्हणाला आणि नानांना लोणचं वाढलं. "फिर फ़िकर काहे की, बाबाजी. कभी आपके लिए भी एक बना देगा."

गाडी हलली. नानांनी लोणचं लावून पुरी तोंडात घातली.